प्रितमचे विषय

सानपाडा,
५ जानेवारी १९९७

प्रितम,

यावेळी 'प्रिय' नाही, नुसतं प्रितमच.

काल तू अमेरिकेहून आप्पांना फोनवर म्हणालास, "दोन विषयांत नापास झालो. क्रांतीताईनंच ते घ्यायला लावले." फोन ठेवून आप्पांनी मला विचारलं, "भावाचं वाटोळं करून काय मिळालं तुला?"

ऑगस्टमध्ये विषयांची यादी फॅक्स करून "ताई, मला काही कळत नाही, तूच निवड," असं कोण म्हणालं होतं? मी चार विषय निवडून वाशीच्या बूथवरून कळवले. त्यातले दोन तू खोडलेस आणि मित्रांनी घेतलेले घेतलेस. नापास झालास ते त्यांतच. विषय बदलल्याचं तू लिहिलेलं पत्र मी आप्पांसमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, "पोरगा परदेशात एकटाय. तू सांभाळून घे."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू पुन्हा आप्पांना फोन करून रडशील.

आणि तरी आज तुझा फॅक्स, पुढच्या सेमिस्टरच्या यादीचा! तुला कोणते विषय जमतील, ते मला वाचतानाच कळलं.

सांगणार नाही.

ताई म्हणायचं नाही,
क्रांती