पुढच्या वर्षीचे बाण

आई, तू घेतलेले बाण मावशीच्या माळ्यावरून खाली आले. दोन वर्षांपूर्वी तिने रोह्याचं घर रंगवायला काढलं, तेव्हा रंगाऱ्याने जुनं सामान उतरवताना विचारलं की या ॲल्युमिनियमच्या नळ्या भंगारात टाकू का. पिसं कधीच झडून गेली होती, त्यामुळे ते बाण आहेत हे त्याला कळायचं कारण नव्हतं. मावशी म्हणाली, "ठेव त्या. हिच्या आईच्या हायेत." मी तिथेच उभी होते. तुझ्या म्हणाली, माझ्या नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

मी आठवीत होते. पेणच्या शाळेतले आमचे खेळाचे सर बदली होऊन रोह्याला गेले आणि दर रविवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे तिरंदाजीला जायला लागले. धनुष्य शाळेचं होतं, बाण मात्र ज्याचे त्याने आणायचे. सरांनी मला समजावलं होतं की बाण धनुष्याच्या ओढीप्रमाणे घ्यावा लागतो. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही, आधी माशासारखा वाकतो, धनुष्याला वळसा घालून पुढे जातो आणि मग सरळ होतो. धनुष्य हलकं आणि बाण ताठ असेल तर तो वाकतच नाही आणि माझ्यासारख्या उजव्या हाताच्या माणसाचा डावीकडे जातो. धनुष्य जड आणि बाण लवचीक असेल तर उजवीकडे. माझं धनुष्य चोवीस पौंडांचं होतं. सरांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलं आणि गणपतीचा हंगाम संपल्यावर, तू मूर्ती रंगवायचीस त्या कारखान्याला सुट्टी पडली तेव्हा, तू ती चिठ्ठी घेऊन एसटीने पुण्याला गेलीस.

परत आलीस ती संध्याकाळ मला नीट दिसते. तुझ्या नखांच्या कडांना पितांबराचा पिवळा रंग अजून आहे. तू पदराने हात पुसतेस, वर्तमानपत्रात गुंडाळलेले बाण सोडतेस आणि मला स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून उभी करतेस. दुकानदाराने दाखवल्याप्रमाणे एक बाण माझ्या छातीला टेकवून दोन्ही हात पुढे करायला सांगतेस. बाण माझ्या बोटांच्या टोकापुढे चांगला चार बोटं जातो. फ्रॉकची खालची दुमड बघून व्हायचं तसंच तुझं समाधान होतं. दुकानदार कापून देत होता, तू कापू दिले नाहीस. आणि चिठ्ठीवर लिहिलेले न घेता, धनुष्य चौतीस पौंडांचं होईल तेव्हा लागणारे ताठ बाण मागून घेतलेस. माझं सगळंच तू पुढच्या वर्षीचं घ्यायचीस. चपलेत पुढे कापूस, युनिफॉर्मला आत दोन दुमडी. बाण त्याला कसे अपवाद असणार?

पुढच्या रविवारी माझे सगळे बाण डावीकडे गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. सरांनी तुला बोलावून घेतलं. तू नदीकडेच्या त्या मैदानावर चपला हातात घेऊन उभी राहिलीस, आणि मी मारलेला एकेक बाण डावीकडे जाताना बघितलास. सर म्हणाले, "ताई, हे बदलून घ्या. बाण आजच्या धनुष्याला लागतो."

"तिचे हात बघा ना सर. वर्षात कुठच्या कुठं जाईल. मग परत पुण्याला कोण जानार?"

"मग तोपर्यंत काय, निशाण डावीकडे सरकवू?"

"सरकवा की. तुमचंच हाय."

सगळी पोरं हसली. सरही हसले. तू हसली नाहीस. शेवटी सरांनी निशाण तसंच ठेवून माझ्या धनुष्यावरची नेम धरायची टाचणी डावीकडे सरकवली. बाण मध्याच्या आसपास पडायला लागले, पण एकत्र पडेनात. मुली माझ्या बाणांना बांबू म्हणायच्या. एकदा गाडीत रडू आवरत घरी आले आणि बदलूनच आण म्हणून हट्ट धरला. तू पीठ मळत होतीस. "सहावीत तुला आठवीचा युनिफॉर्म घातला तवा नाय रडलीस," एवढंच म्हणालीस. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "बाण चांगले हायेत. तू ओढ अजून."

त्यानंतर तू खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब बांधलीस. मी ती हनुवटीपर्यंत ओढायची आणि तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत धरून ठेवायची. तांदळाची भाकरी लवकर फुगते, पण मला ते युग वाटायचं. हात थरथरायला लागले की मी म्हणायची, झाली की. तू वाकून तव्यात बघायचीस आणि म्हणायचीस, "नाय गो, अजून कड धरतेय." गॅस तू बारीक करून ठेवत होतीस हे मला फार उशिरा लक्षात आलं, स्वतः भाकऱ्या करायला लागल्यावर.

वर्ष पुरं झालं नाही. तुला कावीळ झाली, आधी घरातले उपाय झाले, मग अलिबागचा दवाखाना, आणि तू गेलीस. मी सव्वीस पौंडांपर्यंत पोचले होते. मावशी मला रोह्याला घेऊन आली. मैदान तिच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं, तरी मी एकदाही गेले नाही. सर दोनदा बोलवायला आले, मग यायचे थांबले. शाळा झाली, कॉलेज झालं, पेणच्या बँकेत नोकरी लागली. मावशीला अजून वाटतं की तुला आपल्या दुखण्याचा अंदाज आला होता, म्हणून तू पुढचे बाण आधीच घेऊन ठेवलेस. मला तसं वाटत नाही. चपलेतल्या कापसाचा मग काय अर्थ लावायचा? तू पुढचं वर्ष नेहमीच धरून चालायचीस, आणि त्यात तू स्वतःलाही धरलेलं असायचंस.

बाण खाली आल्यावर मी सरांना फोन केला. ते निवृत्त झालेत, पण रविवारी मैदानावर असतात. मी बाण पुढे केले तर त्यांनी हातात फिरवून बघितले आणि म्हणाले, "अजून तितकेच लांब?" दुसरं काही न विचारता नवी पिसं चिकटवून दिली. धनुष्याची पाती बदलली की ओढ बदलते; बावीस पौंडांच्या पात्यांपासून पुन्हा सुरुवात केली. बाण डावीकडे. सव्वीसला डावीकडे. घरी खिडकीला रबर बांधलं आहे, आणि भाकरी आता मीच करत असल्यामुळे कुकरच्या शिट्टीपर्यंत धरते. तीसला थोडे कमी डावीकडे. तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं त्यापेक्षा मी मोठी आहे, खांदा रात्री शेकावा लागतो. सर म्हणाले, तीसवर थांबलीस तरी चालेल, या ओढीचे नवे बाण घेऊ, हल्ली चांगले मिळतात. मी नको म्हणाले.

गेल्या रविवारी त्यांनी चौतीसची पाती लावून दिली आणि माझ्या मागे उभे राहिले. पहिला बाण सुटला तो मी बघितलाच नाही, डोळे मिटले होते. सहाही मारून झाल्यावर आम्ही चालत निशाणापर्यंत गेलो. सगळे एका तळहाताएवढ्या जागेत होते. आणि आई, ती जागा मध्यापासून किंचित उजवीकडे होती.

सरांनी एक बाण उपटून बोटांनी मोजला. मग म्हणाले, "तुझ्या आईच्या बाणांनासुद्धा आता तुझी ओढ जड होतेय. लांब आहेत म्हणून जास्त वाकतात. एक बोटभर काप, बरोबर मध्ये येतील." मी मान हलवली. तोवर टाचणी तेवढी उजवीकडे सरकवून घेतली.

हे कागद मी बाणांच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवणार आहे, दुसरीकडे पाठवायला जागा नाही. आज सरांचा फोन आला होता, बाण कापून झाले का विचारत होते. मी सांगितलं की कापून देणारा माणूस गावाला गेलाय. तो कुठेही गेलेला नाही. बँकेसमोरच त्याचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे, आणि मी आज दोनदा त्यावरून गेले.