उन्नतीची पाच वर्षं

३ ऑगस्ट, रविवार
उन्नती जपानला जाणार. म्हाताऱ्यांची देखभाल करायला, नोकरीवर. जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभ्या उभ्या सांगितलं, जसं काय सरोजिनी नगरच्या बाजारात चाललीय. मी म्हटलं, जा, कायमची जा! आणि सायकलला लाथ मारली. सायकल आमचीच होती. अंगठा सुजलाय.

५ ऑगस्ट
मी बोललो नाही. तीही नाही. शेवटी मीच हरणार.

७ ऑगस्ट, गुरुवार
हरलो. पण काय बातमी घेऊन आलो! तिच्या व्हिसाला मर्यादा आहे — एकूण पाच वर्षं, मग घरी. नवरा-बिवरा सोबत नेता येत नाही. ती जपानला जायच्या तयारीचा वर्ग करते, त्यातला सुधाकर चिडलाय. "हात चालतात तोवर ठेवायचं, मग टाटा. ये क्या बात हुई यार?" बरोबर आहे त्याचं. पण मला त्या सरकारला मिठी मारावीशी वाटतेय. माझी उन्नती परत पाठवायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलंय! तेव्हा ती सत्तावीसची, मी अठ्ठावीसचा. चालेल. बिल्कुल चालेल.

१० ऑगस्ट, रविवार
तिची आई, कल्पना काकू, अडून बसल्यात. जाऊ देत नाहीत. म्हणून आज मीच वर त्यांच्या घरी गेलो.
"जय भीम, काकू. काळजी कशाला करता? पाच वर्षं झाली की तिथलं सरकारच तिला विमानात बसवून देणार."
काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "बरं बाबा. तू एवढं म्हणतोस तर जाऊ दे तिला."
वर कोथिंबिरीची सांभारवडी दिली. तीन खाल्ल्या. उन्नती खाली मान घालून बसली होती — लाजली असणार.

२४ ऑगस्ट
हल्ली मीही तिच्यासोबत वर्गाला जातो. गाझियाबादपर्यंत, मेट्रो बदलत. तिथे मी पेशंट. सरावाला कोणीतरी लागतंच, आणि कॉलेज सोडलेल्या माणसाला वेळच वेळ. पद्धत अशी — पेशंटला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं आणि तो 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं. ती जपानीत म्हणते, आता तुम्हाला उठवते हं. मी हो म्हणतच नाही. तिचे हात माझ्या खांद्यापासून चार बोटं दूर, तसेच थांबलेले. दोन मिनिटं! तीन!
"हो म्हण ना, नालायका."
शिकवणाऱ्या क्षिप्रा मॅम म्हणाल्या, "या आजोबांना डिस्चार्ज द्या."
आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. कॉलेजात असा एक नव्हता.

२ सप्टेंबर, मंगळवार
आनंद विहारला मेट्रोची वाट बघताना तिने सांगितलं. तीन वर्षं काम केलं की तिथली मोठी परीक्षा देता येते. पास झालं की पाच वर्षांची मर्यादा उठते. मग हवं तितकं राहा, घरच्यांनाही न्या.
"मी ती देणार आहे, प्रफुल्ल. पहिल्यापासून ठरलंय. परत यायला नाही चाललेय मी."
दोन गाड्या गेल्या. मी काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. मग ती एवढंच म्हणाली, "तू इतका खूश होतास. सांगवलं नाही."

३ सप्टेंबर
झोप नाही. म्हणजे काकूंना मी खोटं सांगून आलो. त्या माऊलीने माझ्या शब्दावर पोरीला हो म्हटलं! उद्या जाऊन सगळं सांगणार. मग थांबवू देत तिला. थांबवू देतच.

४ सप्टेंबर, गुरुवार
सांगितलं. काकू मेथी निवडत होत्या, हात थांबला नाही. "परीक्षेचं मला तिने पहिल्याच दिवशी सांगितलंय रे. मी अडून बसले होते ती तुझ्यासाठी. म्हटलं हा पोरगा मागे कसा राहील?" मग कपाटातून उन्नतीच्याच वर्गाचा कोरा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. "महिनाभरापूर्वीच आणलाय. भर. अक्षर नीट काढ."
भरतोय.