गाडी डिंगोऱ्याला गेली

अण्णा, तुमची गाडी चालू झाली. परवाच्या रविवारी मी ती पिंपळवंडीहून डिंगोऱ्यापर्यंत चालवत नेली आणि संध्याकाळच्या आत परत आणली. कुठे उकळली नाही. हे तुम्हाला सांगायला हवं असं दोन दिवस मनात होतं, आणि आज कामावर निवांत वेळ मिळाला म्हणून लिहायला बसले. मी अजून नारायणगावच्या त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. द्राक्षाचा हंगाम सरला की मशीनं निम्मी बंद असतात, आणि इथे इतकी शांतता होते की माणूस नको ते आठवत बसतं.

तुम्ही गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखालीच राहिली. वर ताडपत्री होती, ताडपत्रीवर कोंबड्या. येणारे-जाणारे विचारायचे, काय करायचं ठरवलं म्हणून. आई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. खायला तर मागत न्हाई." ती त्या बाजूला फारशी फिरकतही नसे. मला वाटायचं, तिचा त्या गाडीवर राग आहे. मग यंदा होळीच्या सुमारास, मी रविवारची घरी आलेली असताना, लसूण सोलता सोलता ती एकदम म्हणाली, "ती गाडी चालू व्हईल का गं? डिंगोऱ्याला जायचंय." मी म्हटलं, जीप सांगते की. ती म्हणाली, "जीप नको." आणि लसूण सोलत राहिली. मी का म्हणून विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच कुठे होती!

ती गाडी माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती मालकांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये. काळी, लांब, जर्मनीची. तुम्ही पॅन्टचे पाय दुमडून ती पुसताय. मी शाळेतून परस्पर तिकडे आलेय आणि मागचं दार उघडं दिसलं म्हणून आत जाऊन बसलेय. सीटचा वास अजून आठवतो, नव्या चपलेसारखा. तुम्ही फडकं खाली ठेवता, माझ्याकडे बघता. ओरडत नाही. "उतर. ती आपली जागा न्हाई," एवढंच म्हणता, आणि मी जिथे बसले होते ती जागा पुन्हा पुसून घेता. त्यानंतर त्या गाडीत आपल्या घरातलं कुणी बसल्याचं मला आठवत नाही. तुम्ही मालकांचे ड्रायव्हर म्हणून एवढी वर्षं ती चालवलीत, पुण्या-मुंबईला नेलीत, आणि आम्ही ती फक्त जाताना बघितली.

आणि तो दिवस. डिंगोऱ्याचे आजोबा, आईचे वडील, गेल्याचा निरोप सकाळीच आला होता. तुम्हाला मालकांना आणायला पुण्याला जायचं होतं, म्हणून गाडी रात्रीपासून आपल्या दारात उभी. मला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं होतं. तिथल्या ओट्यावरून मी पाहिलं, आई पिशवी घेऊन एकटी स्टँडच्या रस्त्याला लागली आहे, आणि थोड्या वेळाने गाडी निघाली ती उलट्या बाजूला. आई पोहोचली तेव्हा आग देऊन झाली होती. हे मला नंतर कळलं, बायकांच्या बोलण्यातून. मी काही तुम्हाला कधी बोलले नाही, पण गाडी म्हटलं की मला ते दोन रस्ते दिसायचे.

मालक गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती तुमच्या नावावर करून दिली तेव्हा तुम्ही किती हरखला होता. आई म्हणाली, "ह्यो हत्ती बांधायचा कुठं?" आणि तुम्ही म्हणालात, "दिवाळीला तुला डिंगोऱ्याला नेतो हिच्यातनं." ती चक्क हसली होती. पण दिवाळी यायच्या आधीच खेडच्या घाटात गाडी उकळली, ट्रॅक्टरला बांधून घरी आणावी लागली. तुम्ही म्हणत राहिलात, पार्ट मिळू द्या, मी करतो. मग तुमचं दुखणं निघालं, मंचरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि करायचं राहून गेलं.

तर होळीनंतरचे सगळे रविवार मी त्या पत्र्याखाली काढले. बॅटरी, टायर, तेलं हे करावंच लागणार होतं, पण खरं दुखणं थंडाव्याचं होतं. थंडाव्याचं काम मी रोज करते, म्हणून मला वाटलं होतं, आपल्याला जमेल. जुन्नरचे रेडिएटरवाले चाचा अजून दुकानात बसतात. कान गेलेत, पण तुमची गाडी म्हटल्यावर लगेच ओळख पटली. मी नेलेला रेडिएटर त्यांनी उलटसुलट करून पाहिला. वरच्या प्लास्टिकच्या नळीचं तोंड त्यांच्या बोटांतच तुटलं. ते तुकडा हातात धरून हसले. म्हणाले, "बेटा, नुसता रेडिएटर बदलू नको. नवा दम आला की जे जुनं राहील ते फुटेल. सगळं बदल." मी सगळंच मागवलं. रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, होज, कूलंटची टाकी. मुंबईहून एकेक करत येत राहिलं.

जुना पंप काढला तेव्हा कळलं, खेडच्या घाटात काय झालं होतं. आतली चक्री प्लास्टिकची. तिच्या पाकळ्या गळून गेलेल्या. बाहेरून पंप फिरत होता, पट्टा नीट होता, पण आत पाणी जागचं हलत नव्हतं. मला मोठी धास्ती होती ती इंजिनाची. असं उकळलं की इंजिनाचं वरचं झाकण, हेड, वाकतं, मग सगळा खेळ संपला. पण नव्हतं वाकलं. म्हणजे उष्णतेचा काटा वर चढलेला दिसल्या दिसल्या तुम्ही गाडी बाजूला घेऊन बंद केली असणार. घाटात, मागे वाहनांची रांग, लोक हॉर्न मारताहेत, आणि तुम्ही किल्ली फिरवून शांत बसलाय. ते मला तिथे पंप हातात धरून अगदी स्पष्ट दिसलं.

सगळं बसवून झाल्यावर एक काम उरतं, ते म्हणजे आतली हवा काढायचं. पाणी भरलं तरी नळ्यांमध्ये हवा अडकून राहते, आणि हवा राहिली की गाडी पुन्हा उकळते. त्यासाठी इंजिन चालू ठेवून, गाडीतला हीटर पूर्ण गरम करून, टाकीजवळचा लहानसा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची. ऐन वैशाखात, पत्र्याखाली, हीटर लावून. मी घामाने निथळत होते. आई तांब्या घेऊन आली आणि गेली नाही. पत्र्याच्या खांबाला टेकून बुडबुड्यांकडे बघत उभी राहिली.

"त्या दिशी," ती म्हणाली, "तुजं वडील दार उघडून उभं व्हतं."

मला आधी कळलंच नाही कोणत्या दिवशी.

"माजा बा गेला त्या दिशी. मालकाला उघडत्यात तसं दार उघडलं. म्हणलं, 'बस. मालकाला काय सांगायचं त्ये मी सांगतो.' मीच म्हणलं, न्हाई."

"तू नाही म्हणालीस?"

"माजा बा त्या घरात सालगडी व्हता. जलमभर. मालकाच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं. आन् त्याच्या मढ्यापुढं मी त्या घरच्या गाडीतनं उतरू? मला न्हवतं व्हणार त्ये. चालत गेले आसते."

"मग अण्णा काय म्हणाले?"

"काय न्हाई. दार लावलं. हळूच लावलं." तिने तांब्या खाली ठेवला. "यष्टी उशिरा आली, त्याला कोण काय करनार."

मी म्हटलं, "आई, इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं."

"तू इचारलं कुठं?" ती म्हणाली.

स्क्रूपाशी आता नुसतं पाणी येत होतं. मी तो आवळला. मी विचारलं, मग आता का जायचं म्हणतेस? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं. "आता ती मालकाची हाय का?"

रविवारी ती इरकल नेसून तयार होती. मी सवयीने मागचं दार उघडलं. सवय तरी कुठली म्हणायची, तुम्हाला बघून आलेली. ती म्हणाली, "मागं मालक बसायचं. मी पुढं बसनार." बसली. पाय कुठे ठेवावेत ते तिला कळेना, मग चप्पल काढून हातात घेतली. मी म्हटलं, असू दे पायात, तर नको म्हणाली. आळेफाट्याच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ओतूर मागे पडलं आणि काटा मध्यावर जो थांबला तो हललाच नाही.

डिंगोऱ्यात मामा काठी टेकत बाहेर आले. डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाले, "कुनाची गाडी आनली गं?"

"आमच्या ह्यांची हाय," आई म्हणाली. तिने काच खाली घेतली होती, उतरली मात्र नाही. "चल, बस मागं. ओढ्यापत्तूर जाऊ."

मामांना उमगलं. काठी आत घेऊन ते मागे बसले. ओढ्याकाठी, जिथवर गाडी जाते तिथवर मी नेली. मी फिरून तिचं दार उघडलं. चप्पल पायात घालून ती उतरली आणि करंजाच्या झाडांखाली, आजोबांना आग दिली त्या मोकळ्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. रडली नाही. हात जोडले, मग वाकून तिथली माती कपाळाला लावली. मामा गाडीशीच थांबले होते. बॉनेटवर हात ठेवून ते मला म्हणाले, "लई वाट बघितली हिनं."

परतताना बराच वेळ ती बाहेरचे मळे बघत होती. मग म्हणाली, "तुजं वडील आसंच चालवायचं का? इतकं हळू?" आणि लगेच हसून म्हणाली, "तुला तरी फिरवलं आसंल की कदी, माज्या चोरून."

अण्णा, तिच्या आवाजात किती आशा होती ते तुम्हाला कसं सांगू. आम्हा दोघींपैकी एकीला तरी मिळालं असावं, असं तिला वाटत होतं.

मी म्हणाले, "हो. अण्णा अशीच चालवायचे." म्हणून हे लिहिलेलं घरी नेणार नाही, तिच्या कानी पडायला नको.