दसऱ्याला पुसलेलं कार्ड

मास्तर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तो नीट मांडताही येत नाही, कारण माझं शिक्षण सातवीतच थांबलं, आणि ते तुमच्यामुळे. वर्गातला पृथ्वीचा गोल माझ्या हातून पडून फुटला होता. खरं सांगितलंस तर काही करणार नाही, असं तुम्ही म्हणालात. मी खरं सांगितलं, आणि तुम्ही फोक मोडेपर्यंत मारलंत. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत आलो नाही. तुम्हीही कधी घरी विचारायला आला नाहीत.

निवृत्तीनंतर तुम्ही भोरच्या बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर सेंटर काढलंत आणि मला बोलावून घेतलंत. मी तेव्हा पन्नाशीचा वायरमन. "वायरी बघ, झाडलोट कर, नाही म्हणू नकोस," म्हणालात. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. पुढच्या खोलीत पाच कॉम्प्युटर, मागच्या खोलीत सर्व्हर, आणि कामाला ती ऑपरेटर बाई. भोरमधल्याच मुसलमान घरातली, पदरात एक लहान मुलगी. मला मामा म्हणायची. डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायची.

परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत सर्व्हर अडायला लागला. अजून तो जिना दिसतो मला. मार्गासनीहून, भोंगवलीहून एसटीने आलेली पोरं पायऱ्यापायऱ्यांवर उभी आहेत, आणि आत पाचही स्क्रीन एकदम गोठलेत. सर्व्हरवर ओळ येते, नेटवर्क कार्डाने, म्हणजे पाचही कॉम्प्युटर सर्व्हरला जोडणाऱ्या कार्डाने, वेळेत उत्तर दिलं नाही. मिनिटभराने सगळं आपोआप चालू होतं, पुन्हा अडतं. भरलेले फॉर्म अर्ध्यात जातात. "मास्तर, आमची शेवटची गाडी जाईल हो," पोरं ओरडतात. "कॉम्प्युटरला चहा पाजा कुणीतरी," असं एक टारगट म्हणतो, आणि सगळा जिना हसतो. तुमचं तोंड लाल होतं.

मी केबल बदलली. सगळ्या केबली जिथं जोडतात त्या हबमधली जागा बदलली. सर्व्हरवर पंखा लावला. मग एकेक कॉम्प्युटर बंद करून पाहिला. तीन कॉम्प्युटरवर काम चाललं तर दिवसभर काही होत नसे, पाचवा चालू केला की चहा पिऊन होईपर्यंत अडायचं. म्हणजे ओझं वाढलं की कार्ड मान टाकतं. हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "सातवी नापास, आता मला शिकव." मास्तर, मी नापास नव्हतो. मी शाळा सोडली होती.

बाईने सर्व्हरवर गाणी भरून ठेवली होती. दोष त्यांचाच, असं तुम्ही ठरवलंत आणि ती पुसायला लावलीत. तरी अडायचं ते अडतच राहिलं.

मला मात्र आतून खात्री वाटायला लागली होती की हे माझ्याच हातून झालंय. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहतात, तसं त्या वर्षी सर्व्हरलाही वाहायचं होतं. पूजेला बसवायचं यंत्र आतूनही स्वच्छ हवं म्हणून आदल्या दिवशी मी झाकण काढलं, कार्डं उपसली, कोरड्या फडक्याने पुसली आणि परत बसवली. कुठलं कुठं होतं ते लक्षात ठेवलं नव्हतं. जिथं बसलं तिथं बसवलं. चालू झालं, मी हार घातला. पहिल्यांदा अडलं ते त्यानंतरच. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि तुमची पावलं जिन्यावर वाजली की झाडू हातात घ्यायचो.

शेवटी पुण्याहून इंजिनियर आला. झाकण काढून त्याने बराच वेळ पाहिलं. डिस्क चालवणारं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड या दोन्हींची हाक एकाच तारेवर जातेय, काम वाढलं की नेटवर्कची हाक ऐकलीच जात नाही, असं त्याने समजावलं. नेटवर्कचं कार्ड उपसून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं. पाचही कॉम्प्युटर तासभर धावले. मग त्याने सहज विचारलं, "हे कार्ड हलवलं कुणी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "खरं सांग, काही करणार नाही."

तेच शब्द, मास्तर. तुम्हाला ते आठवतही नसतील.

"म्या न्हाई," मी म्हणालो.

बाई माझ्याकडं वळली. "मामा, दसऱ्याला तुमीच पुसलं होतं ना?"

"भायेरनं पुसलं. आत हात न्हाई घातला."

"मास्तर, मला स्क्रू तरी खोलता येतो का, ते इचारा की!" ती म्हणाली. तुम्ही विचारलं नाहीत. सकाळची चावी तिच्याकडे असायची, गाणीही तिचीच होती, तेवढं तुम्हाला पुरलं. "उद्यापासून येऊ नका," असं तुम्ही तिला म्हणालात. सातवी नापास म्हणून माझं काहीच न ऐकणारे तुम्ही, त्या एका दिवशी माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात.

परवा ती बाजारात भेटली. केस पांढरे झालेत. "मामा, बरं हाय का?" म्हणाली आणि थांबली. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागलो. तेव्हापासून झोप उडाली आहे, म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला दोष देण्यासाठीच बसलो होतो. तो दिलाही. पण हा कागद काही पोस्टात टाकायचा नाही, तेव्हा एवढं लिहितो. ती पर्स घेऊन जिना उतरत होती, तेव्हा मला तिचं वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं.