फ्रीज नंबर एक बोलत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रेसीला काढलं! परळच्या दवाखान्यातली नर्स, लसींचा दोन नंबरचा फ्रीज तिच्याकडे. शनिवारी एका फ्रीजचं दार उघडं राहिलं, कुठल्या ते नक्की कळेना, म्हणून दोन्हींतल्या लसी फेकाव्या लागल्या. पुरावा काय, तर आमचा लॉग. दोन्ही फ्रीजच्या मध्ये ठेवलेल्या डबीतल्या छोट्या संगणकावर माझा सी भाषेतला प्रोग्रॅम चालतो, काय घडलं ते नोंदवत राहतो. त्यात स्वच्छ लिहिलंय – फ्रीज २, दार उघडं.

दवाखान्याच्या सुचित्रा मॅडमनी आमच्या बॉसला, सौमित्रला, फोन करून शाबासकी दिली. तो कॉटन ग्रीनच्या ऑफिसभर सांगत सुटला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी मावशीला सांगितलं तर ती ताटावरून उठलीच. तीही त्याच दवाखान्यात, एक नंबरचा फ्रीज तिचा. हे काम आम्हाला तिच्याच ओळखीने मिळालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

ट्रेसीचा फोन. "आकांक्षा, मी दार लावलं होतं यार, शपथ. तू एकदा बघ ना." काय बघू? वैताग आला. मशीनला कुणाशी वैर नसतं, असं बोलून गेले. नंतर फार वाईट वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हटलं, बघू तरी. डबी बसवल्यापासूनचा लॉग उघडला. फ्रीज २, फ्रीज २, फ्रीज २. एक नंबरची एकही ओळ नाही. इतका गुणी फ्रीज असतो का कुठे? रोज दार उघडतं त्याचं, नोंद हवीच.

कोड काढला. लॉग सुरू करणाऱ्या ओपनलॉग या फंक्शनला एक नाव द्यायचं, ते प्रत्येक ओळीच्या पुढे लागतं. मला वाटायचं, तो नाव उतरवून घेतो. नाही घेत! नाव कुठे ठेवलंय, तेवढंच धरून बसतो. मी तिथे आधी 'फ्रीज १' लिहिलं, मग त्याच जागेवर 'फ्रीज २'. झालं – दोघांचं सगळं एकाच्या नावावर. तापमानाचे आकडे वेगळे साठतात, ते ताडून पाहिले. शनिवारी उघडा राहिला तो एक नंबर.

मावशीचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

सौमित्रला चूक दाखवली. म्हणाला, "गुपचूप दुरुस्त कर, विषय संपव." आणि ट्रेसी? "तिला कुठेही नोकरी मिळेल अगं. मॅडमना कळलं तर आपलं काम जाईल."

एक नंबर मावशीचा, हे त्याला ठाऊक नाही. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आणि ट्रेसीचं नाव खोडायचं तर तिथे हिचं लिहायचं. जागा रिकामी ठेवता येत नाही. दिवसभर तेच डोक्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन नावं, दोन जागा. कोड दुरुस्त. मॅडमना मेल लिहिला, पाठवला नाही. आधी मावशीला सांगायचं. निदान तेवढं तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. मावशी मेथी निवडत होती, मान वर केली नाही. "ठाऊक आहे गो. दार माझ्याकडूनच राहिलं. मी गेल्या सोमवारीच मॅडमकडे गेले होते. त्या म्हणाल्या, रमाबाई, ट्रेसीला वाचवायला खोटं बोलू नका, मशीनमध्ये सगळं आहे."

मेल तिच्यासमोरच पाठवला. मग विचारलं, मला का नाही बोललीस?

"तुझं मशीन होतं ना."