पवनेएवढी यार्देन

आणि हो मम्मी, तुझंच बरोबर होतं. यार्देन नदी लहानच आहे. आपल्या पवनेएवढी, तीही उन्हाळ्यातली. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते, आता तुझ्याच औषधांच्या कंपनीत स्टेनो आहे, पण त्या काठावर उभं राहिल्याबरोबर पहिलं तुलाच सांगावंसं वाटलं.

दर शनिवारी संध्याकाळी तू आपल्या क्वार्टरच्या किचनमध्ये पवित्र भूमी बनवायचीस, दुसऱ्या दिवशीच्या संडे स्कूलसाठी. मोठ्या परातीत पवनेकाठची ओली वाळू, वरती गालील समुद्र म्हणून एक ताटली, खाली मृत समुद्र म्हणून वाटी. वाटीत मीठ टाकायचं काम माझं. मधे बोटाने रेघ ओढून तू तांब्यातलं पाणी सोडतेस, की झाली यार्देन. मी कॉन्व्हेंटमधून नवीन नवीन शिकून आलेली. "मम्मी, इतकी छोटी नसते गं. आमच्या बुकात बघ, जॉर्डन म्हणतात तिला, केवढी मोठी आणि ब्ल्यू आहे." तू वाळू थापता थापता म्हणतेस, "बुकात असू दे. बायबलमधला तो कोड झालेला सरदार आठवतो ना? यार्देनमध्ये बुडी मार म्हटल्यावर चिडला. म्हणाला, आमच्याकडच्या नद्या काय वाईट आहेत? म्हणजे केवढीशी असेल बघ. तुला इंग्रजी शाळेत घातलं म्हणून नदीचं पाणी वाढत नाही. मीठ टाक."

चर्चच्या पवित्र भूमीच्या यात्रेत खरं तर पप्पा जाणार होते. चर्चमध्ये नाव देऊन आले आणि आठवड्याने परत जाऊन पाळकसाहेबांना म्हणाले, "माझ्याऐवजी पोरीला न्या. तिच्या आईचं जायचं राहून गेलंय." निघताना त्यांनी तुझी एक रिकामी इंजेक्शनची बाटली माझ्या हातात दिली, रबराच्या बुचासकट. तू कंपनीतून आणलेल्यांपैकी ती एकच उरली होती. "यार्देनचं पाणी आण. तिच्या कबरीवर घालू." एवढंच बोलले. पण मी परत येईपर्यंत त्यांनी कबर धुऊन, चुना लावून ठेवली होती.

बसमध्ये मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. गाईडच्या आधी मीच सांगायचे, आता चढ लागेल, आता उजवीकडे यरीहो गाव. टूलरूममधून रिटायर झालेले एक काका काकूंबरोबर मागे बसायचे. ते म्हणाले, "काय गं, तू आधी येऊन गेलीस का इकडं?" मी म्हटलं, "हो काका, परातीतून." सगळे हसले. मीही हसले. मग सगळे आपापल्या माणसाशी बोलायला लागले, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले. त्या बसमध्ये सगळी जोडपी होती, मम्मी. जेवायच्या टेबलावर माझ्या शेजारी नेहमी कुणाची तरी पर्स असायची.

यार्देनपाशी उतरलो. हिरवट पाणी, काठावर वाकलेली झाडं, आणि पलीकडचा काठ अगदी हाताशी. काकू हळूच म्हणाल्या, "एवढीच?" मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानेच म्हणाले, "अगदी आपली पवना." पाळकबाईंनी माझा दंड धरला. "मुली, पवित्र नदी आहे ती. पवनेत कंपन्यांचं पाणी सोडतात." मी तुझ्याकडे बघायला मान वळवली. खरंच वळवली. तिथे काकांच्या चपला होत्या, आणि सगळे एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरत होते. मी एका हाताने फ्रॉक वर धरला आणि दुसऱ्या हाताने तुझी बाटली भरली.

आता ती इथे किचनच्या खिडकीत आहे. कंपनीने घरच्यांना आत सोडलं होतं तो दिवस मला आठवतो. पांढरी टोपी घालून तू दिव्यासमोर बसलेली, एकेक बाटली उलटीसुलटी करून बघणारी. एक बाजूला ठेवलीस. मी विचारलं, काय झालं तिला? "दोऱ्याएवढं काहीतरी आहे. कुणाच्या तरी लेकराच्या अंगात जाणार ना?" म्हणून मीही ही बाटली उजेडात धरून बघते. तळाला गाळ बसलाय, एक पान आहे, तेही पूर्ण नाही. तू पहिल्या नजरेत रिजेक्ट केली असतीस.

पप्पा रोज संध्याकाळी तुझ्या कबरीवर जायला शर्ट बदलून दारात उभे राहतात. "बाटली सापडली का गं?" मी सांगितलंय की सामानात कुठेतरी आहे, बघते. ते स्वयंपाकघरात येत नाहीत, तू गेल्यापासून. म्हणून चाललंय. पाणी घातलं की तुझ्यासाठी करायचं काहीच उरणार नाही, आणि मग संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांशी काय बोलणार, मला माहीत नाही. हा कागद परातीखाली ठेवतेय, तिकडे कुणी हात लावत नाही. पण बाहेर पप्पांनी चपला घातल्यात. तूच सांग मम्मी, गाळासकट घालू का?