ओरखड्याची बाटली

४ मार्च

पोरीच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "काका, महिनाअखेर तिची फळी मोकळी करा. घाई नाही." घाई नाही म्हणजे घाईच! सतरा बाटल्या. प्रत्येकीवर पोरीच्या हातची चिठ्ठी. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत काच धुतोय, आज पहिलीच बाटली उचलून परत ठेवली.

पोरगी जाऊन आज सात आठवडे.

५ मार्च

एकच धुतली. तळाशी हिरवा चिखल. स्टोअरवाला दारातून म्हणाला, "काका, बाटली धुताय की न्हाऊ घालताय?" मग चिठ्ठीवरचं अक्षर त्याच्या लक्षात आलं. चहा आणून ठेवला.

८ मार्च

तिनं समजावलेलं लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन — शिक्षण सातवी. तांब्याचा एकटा अणू वेगळा वागतो. नऊ अणू घोळक्यानं बांधले, मध्ये ऑक्सिजन घातला, की चुंबकापाशी निराळेच वागतात. "एकत्र कुटुंबासारखं, बाबा!" पण नऊच आहेत, हे खडा — स्फटिक — मिळाल्याशिवाय सिद्ध होत नाही. खड्यातून क्ष-किरण सोडले की कोण कुठे बसलाय ते कळतं. दोन वर्षं नुसता चिखल. मॅडमना नऊ पटतच नव्हते.

घरी बाबा, तिथे काका. मीच बजावलं होतं — काच धुणाऱ्याची पोर म्हणून कोणी हिणवायला नको. आणि तिच्या अंगात ताप असताना "हातातलं काम अर्धं टाकू नये" असंही मीच म्हणालो.

१२ मार्च

अकरा राहिल्या. चष्मेवाली — पोरीच्या शेजारच्या टेबलावरची — म्हणाली, "काका, धुण्याआधी उजेडात धरून बघत जा. काही बाटल्या महिन्यांनी पावतात." बघतो. चिखल.

१७ मार्च

खडे! चौदा नंबरच्या बाटलीत. निळसर हिरवे, तिळाएवढे, कडा कोरल्यासारख्या. चष्मेवाली रजेवर, मॅडम परगावी — सांगू कुणाला?

बाटली जुनी, आतून ओरखडा पडलेली. अशी फेकायची असते. नव्या पुरत नव्हत्या म्हणून मी जुन्या तिलाच द्यायचो. परक्यांना नव्या, घरच्या पोरीला टाकाऊ!

मॅडमपुढे ओलेगिच्च कसे ठेवायचे? द्रव ओतून दिला, खडे कागदावर टिपून नीट सुकत ठेवले. बाटली लख्ख धुतली.

१८ मार्च

पीठ झालं.

चष्मेवालीनं आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, ज्या द्रवात वाढले त्यातच जगतात ते. बाहेर काढले की आतला द्रव उडतो, डोलारा कोसळतो." मला काय ठाऊक! जन्मभर कोरडं करणं हेच काम. पोरीनं दोन वर्षं वाट पाहिली, मी एका दुपारी पुसून टाकलं.

१९ मार्च

पोरीचं द्रावण फ्रिजमध्ये सापडलं. एका बाटलीपुरतंच. चष्मेवालीनं विचारलं, "कसल्या बाटलीत आले होते?" ओरखड्याची म्हणायला जीभ रेटेना. "सगळ्यांसारखीच," म्हणालो. नवी कोरी काढून दिली.

२७ मार्च

आठ दिवस झाले. काही नाही. चार दिवसांनी फळी जाणार.

२८ मार्च

सांगून टाकलं. चष्मेवालीनं कपाळावर हात मारला. "अहो काका! गुळगुळीत काचेला खडा धरणार कुठे? ओरखड्यापाशीच तर सुरुवात होते!" जुनी बाटली माझ्या कपाटात होती, पोरीची चिठ्ठी काढायचा धीर झाला नव्हता. द्रावण तिच्यात ओतलं.

मॅडमकडे गेलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं — अजून महिनाभर फळी. "राहू द्या," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

९ एप्रिल

ओरखड्याच्या कडेनं तीन खडे. हात लावला नाही. श्वासही जपून घेतला.

२१ एप्रिल

क्ष-किरणांचा निकाल आला. नऊच!

चष्मेवालीनं पोरीची वही पुढ्यात ठेवली. सगळी इंग्रजीत. चौदा नंबरखालची ओळ तेवढी मराठीत — "जुनी बाटली मुद्दाम घेतली. बाबांना सांगायचंय, उगाच लाजतात."

प्रयोगशाळेच्या वहीत. बाबा.